गोधडी शिवू की विकू? विकता विकता शिवणं मागं पडलंय

धावदोरा, अंबाजोगाई | ८ जून, रात्री ११:१०

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय. थोडं लांबेल.

मी गोधड्या करते. आमच्याकडं वाकळ म्हणतात, पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला वाकळ म्हटलं की कळत नाही, म्हणून आता माझ्याही तोंडी गोधडीच बसलंय. सहा वर्षांपूर्वी आजी गेली. तिची सात लुगडी राहिली, त्यातली तीन इरकली. टाकवेनात, आणि नेसणारंही कुणी नाही. मी त्यांची एक वाकळ शिवली. मधे आजोबांचं जुनं धोतर भरलं, वर लुगड्यांचे तुकडे, खाली अस्तर. शिवताना लक्षात आलं की काठाचे तुकडे आडवे लावले तर एक दिसतं आणि उभे लावले तर दुसरंच. तेव्हापासून हा नाद लागला. फोटो पाहून आधी नात्यातल्यांनी मागितल्या, मग ओळखीच्यांनी, मग अनोळखी लोकांनी.

आज पाच बायका माझ्यासोबत शिवतात. कापड निवडणं, धुणं, तुकडे कापणं, मांडणी आणि कच्चा टाका माझ्याकडं. धावदोरा त्यांच्याकडं. कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत मधे यायचं. साडेसहा बाय साडेचार फुटांची एक गोधडी एकीनं रोज तीन-चार तास बसून शिवली तर अठरा-वीस दिवस जातात.

आता कालचा दिवस सांगते. सकाळी साडेसहाला ओसरीत कापड पसरलं. एका जुन्या हिरव्या खणाभोवती काहीतरी सुचत होतं. सातला मेसेज आला, "ताई, निळी-लाल आहे का?" फोटो पाठवले. दिवसाच्या उजेडातला फोटो हवा होता, तो काढून पाठवला. मग पाठीमागच्या बाजूचा. मग "शेवटचे किती?" तोवर दुसऱ्या दोघींचे आले. दहाला पार्सल बांधायला बसले, बाराला पोस्टात, दीडला घरी. दुपारी एका बाईंना व्हिडिओ कॉलवर सगळा माल उलगडून दाखवला, "मिस्टरांना विचारून सांगते" म्हणाल्या. संध्याकाळी हिशोब. रात्री नऊला ओसरीत आले तर खणाचा तुकडा सकाळी ठेवला तिथंच होता. सकाळी काय सुचलं होतं ते काही केल्या आठवेना.

शेवटची नवी मांडणी मी दिवाळीत केली. त्यानंतर निळी-लाल चौकटीची, जी सगळ्यांना हवी असते, ती तेवीस वेळा केलीय.

तुम्ही म्हणाल, मग विक्री कमी कर. ते करता येत नाही. माझ्या पाच जणींपैकी तिघींच्या घरी कोयता आहे, म्हणजे घरचे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या साखरपट्ट्यात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परत येतात. गोधडीची मागणी नेमकी त्याच महिन्यांत. गेल्या साली दोघी गेल्या नाहीत, कारण मी त्यांना हिवाळाभर काम देईन असा शब्द दिला होता आणि तो पाळला. त्यांची लेकरं वर्षभर एकाच शाळेत बसली. माझं मन रमावं म्हणून मी विक्रीतून अंग काढलं, तर त्या दोघी परत फडात उभ्या राहतील.

म्हणून विचारतेय. तुमच्यापैकी जे स्वतः बनवतात आणि स्वतःच विकतात, ते दिवस कसा वाटून घेतात? नवीन काही करायला वेळ कुठून काढतात?

---

पैठणचा माग | ९ जून, सकाळी ७:२५

ताई, तुमचा खणाचा तुकडा वाचून कालची माझीच गोष्ट वाटली.

आमचं घर तीन पिढ्यांचं विणकराचं. पैठणीला गिऱ्हाईक मोबाईल पुढं धरतं, "हाच पदर, असाच रंग, डिट्टो." बहुतेकदा बंगडी मोराची नक्षी. त्याचा मला राग नाही, त्या मोरावर घर चालतं. पण असावलीचा वेल किंवा मुनियाची जुनी मांडणी लावून बघावी म्हटलं, तर मागावर दोन-तीन महिन्यांची साडी चढलेली असते आणि मधे थांबता येत नाही. नक्षीचा एकेक रंग वेगळ्या काडीवर घेऊन हातानं अडकवत जायचं, दिवसभरात पदर इंचा-दीड इंचानं सरकतो.

मी एक केलंय. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरताना हातभर जास्त भरतो. साडी उतरली की तो उरलेला ताणा माझा. त्यावर जे मनात असेल ते विणतो, वीतभर का होईना. विकायचा हेतू नसतो. असे तुकडे एका वहीत टाचून ठेवलेत. गेल्या पावसाळ्यात एक बाई ती वही चाळत बसल्या आणि त्यातला एक वेल बघून म्हणाल्या, "हा साडीभर करून द्याल?" ती साडी मी आजवर केलेल्यातली सगळ्यात महाग गेली.

दुसरं वेळेचं. नाथषष्ठीला आणि सुट्ट्यांत लोक धरण बघायला, नाथांच्या वाड्यात येतात, तिथून माग बघायला घरी येतात. आधी मी दर वेळी मागावरून उठायचो. आता दारावर पाटी लावलीय, चारनंतर. चार वाजेपर्यंत कुणी आलं तर त्यांनी खुशाल मागापाशी बसावं, मी विणता विणता बोलतो, उठत नाही. त्यानं उलट विक्री वाढली. हातमागाची पैठणी मागून पुढून सारखी दिसते आणि नकली पदराचे मागं धागे लोंबतात, हे मी तोंडानं शंभरदा सांगितलं तरी पटत नव्हतं. मागावर बघितलं की लगेच पटतं.

तुमच्या बायका शिवत असताना फोटो काढता का? काढत नसाल तर काढा. पण त्यांना विचारून.

---

जालना कापडबाजार | ९ जून, दुपारी ३:०५

मी चाळीस वर्षं दुकानाच्या गादीवर बसलोय, कलाकार नाही. तरी दोन शब्द.

बाई, तुमचा वेळ गोधडी विकण्यात जात नाही, घासाघीस करण्यात जातो. "शेवटचे किती" हा प्रश्न गिऱ्हाईक तेव्हाच विचारतं जेव्हा त्याला वाटतं की शेवटचा काहीतरी वेगळा भाव आहे. एकदा कमी केलेत की ते दहा जणांना सांगतं. फोटोवरच भाव लिहा, एकच भाव, बहिणीलाही तोच. पहिले दोन महिने लोक नाराज होतील, मग सवय लागते.

आणि मालाला नंबर द्या. आमच्याकडं कापडाच्या ठाणाला नंबर असतो म्हणून पोऱ्या न बोलता काढून देतो. एक नंबर, दोन नंबर, समोरून, मागून, उजेडात, घडी घालून, असे चारच फोटो एकदा नीट काढून ठेवा. मग उत्तर द्यायला तुम्हीच लागत नाही, बारावीतली मुलगीसुद्धा देईल.

निळी-लाल तेवीस वेळा केली याचं वाईट वाटून घेऊ नका. दुकानात पांढरा मांजरपाट रोज जातो म्हणून भारी कापड शेल्फात ठेवता येतं.

---

हिशेबनीस, लातूर | ९ जून, रात्री ९:४०

ताई, सगळे सल्ले चांगले आहेत, पण आकडे दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही. एका गोधडीचा खर्च, शिवणावळ, विक्रीची किंमत आणि तुमचे स्वतःचे तास, एवढं लिहाल का? मनातल्या मनात धरलेले तास नकोत. आठवडाभर वहीत मांडा.

---

धावदोरा, अंबाजोगाई | १७ जून, सकाळी ६:१५

दादा, आठ दिवस मांडलं.

निळी-लाल २,८०० ला विकते, टपालखर्च त्यातच. दोरा, अस्तर, विकत घेतलेलं कापड मिळून ३५०. शिवणावळ १,५००. टपाल साधारण २५०. राहिले ७००. माझे मांडणीचे, कापायचे, कच्च्या टाक्याचे सहा तास. आणि विक्रीचे? मला वाटत होतं तासभर जात असेल. निघाले पाच. मेसेज, फोटो, कॉल, बांधणं, पोस्टात उभं राहणं, नंतर "पोचली का" विचारणं. म्हणजे अकरा तासांचे ७००. तासाला चौसष्टसुद्धा होत नाहीत.

पुण्यातल्या एका दुकानात ९ गोधड्या जांगडवर, म्हणजे विकल्यावर पैसे या बोलीवर, दिल्यात, आठ महिने झाले. ४ गेल्या म्हणतात, पैसे दोनचेच आलेत. फोन उचलत नाहीत. तो वेळ यात धरलेला नाही.

पैठणच्या दादा, फोटोची विचारणा केली. चौघी हो म्हणाल्या, एक नको म्हणाली. तिचे फक्त हात काढणार आहे.

---

हिशेबनीस, लातूर | १७ जून, रात्री १०:२०

आता चित्र स्वच्छ दिसतंय. तुमच्या किमतीत विकण्याचे पैसेच नाहीत. तुम्ही बनवण्याचा खर्च काढता, थोडं वर ठेवता आणि विकायचं काम स्वतःच्या आयुष्यातून फुकट करता. ते पाच तास कुठून येणार? मांडणीतून. म्हणून खणाचा तुकडा तिथंच राहतो.

दुकानदार ३० ते ४० टक्के मागतो तेव्हा आपल्याला तो लुटारू वाटतो. पण तो जागा, माणूस आणि वेळ घालतो. तुम्ही थेट विकता तेव्हा तो दुकानदार तुम्हीच असता, आणि त्याचा वाटा तुम्ही गिऱ्हाइकाला सोडून देता. मग दुकानात माल ठेवायची वेळ आली की परवडत नाही.

अशी किंमत काढा. सामान ३५०, शिवणावळ १,५००, तुमचे सहा तास १५० रुपयांनी ९००. झाले २,७५०. हा बनवण्याचा खर्च. विकणाऱ्याचा वाटा ३० टक्के धरला तर २,७५० हे किमतीच्या ७० टक्के झाले पाहिजेत, म्हणजे किंमत ३,९५० च्या आसपास. टपाल वेगळं. प्रत्येक गोधडीमागं सुमारे १,२०० रुपये विक्रीच्या नावानं बाजूला पडतील. त्यातून उत्तरं देणारी आणि पार्सल बांधणारी मुलगी ठेवा. त्या पैशाला घरखर्चासाठी हात लावायचा नाही.

जांगडचं. जांगडवर दिलेला माल विकला जाईपर्यंत तुमचाच असतो. म्हणून तारीख, नग, भाव, दुकानदाराचा वाटा आणि परत करायची मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका, ती फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाकडून माल विकत घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, करार नसेल तर १५ दिवसांत. जांगडला मात्र ही मुदत माल ठेवल्यापासून मोजता येत नाही, माल विकला गेल्यावर मोजायची. म्हणून चिठ्ठी महत्त्वाची.

जीएसटीची भीती नको. वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. ऑनलाइन बाजाराच्या साइटवरून विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं, पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायला लागलात की आधी विचारा.

---

किनवटची कांचळी | १८ जून, दुपारी १:३०

हिशेब वाचला. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून बोलते. ताई, रागावू नका.

तुमचे तास १५० नं धरले. शिवणाऱ्या बाईचे? रोज साडेतीन तास, अठरा-वीस दिवस, म्हणजे पासष्ट तास. १,५०० भागिले पासष्ट करा. २३ रुपये. रोजगार हमीचा दर राज्यात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता, आठ तास धरले तरी तासाला ३९ होतात. तुम्ही कोयत्याचं मनापासून लिहिलंय म्हणूनच सांगते, ती बाई तुमच्या शब्दावर थांबली, पण तिला रोजगार हमीपेक्षा कमी पडतंय.

मी बंजारा भरतकाम करते. आमच्या तांड्यावर आरसे, कवड्या लावून फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) आजही आया-आज्या भरतात. मी सुरुवातीला हीच चूक केली. बाई घरी बसून करते, स्वयंपाक करता करता करते, म्हणून तिचे तास मोजायचेच नाहीत. माझ्या आईनंच एकदा विचारलं, डोळे काय फुकट जातात का?

आता दुसरं, वेळेचं. बचत गटाकडून मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला गेले होते. मोठी भरलेली चादर टांगली होती, तिच्यापुढं लोक थांबायचे, हात लावायचे, आणि बटवा घेऊन जायचे. चादर दहा दिवस टांगलेलीच, पण ती नसती तर बटव्यापाशी कोण आलं असतं? मोठी वस्तू मनासारखी करा, तिला घाई नको. छोट्या वस्तूवर पैसा फिरू द्या. तुमच्याकडं तर बाळंतविडा आहे. दुपटं, कुंची, टोपरं, बाळाची गोधडी. घरोघरी पहिल्या लेकराला लागतंच, आणि त्याला हिवाळाही लागत नाही.

---

आखणी, नांदेड | १८ जून, रात्री ८:५०

आमचा शाडूच्या गणपतीचा धंदा. बनवायला सहा महिने, विकायला दहा दिवस. त्या दहा दिवसांत पूर्वी मी अक्षरशः आजारी पडायचो.

आता पन्नास टक्के विसार घेतल्याशिवाय मूर्ती नावावर लावत नाही. विसार दिलेला माणूस रोज फोन करत नाही आणि ऐनवेळी पळतही नाही. तुमच्या "मिस्टरांना विचारून सांगते"वर हाच उपाय.

आणि सगळं स्वतः करायचा अट्टहास सोडला. माती मळणं, साचा, घासणं, अंगाचा रंग, सगळं पोरं करतात. डोळ्यांची आखणी मात्र मीच करतो. त्या कामाचे तास ठरलेले, पहाटे साडेचार ते साडेसात, फोन दुसऱ्या खोलीत. हात तेव्हाच स्थिर असतो. माझ्या गणपतीला लोक ओळखतात ते डोळ्यांवरून. ताई, तुमची आखणी म्हणजे मांडणी. तेवढी सांभाळा, इस्त्री आणि कापणं सोडा.

---

धाराशिवचा भाचा | १९ जून, सकाळी १०:००

मी मोठ्यांइतका अनुभवी नाही, मामाच्या मातीच्या भांड्यांचे व्हिडिओ करायलोय दोन वर्षं. ताई, रोज रील टाकायच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. दिवसाला एक करायची म्हणून मामाला चाकावर उगं चार-चार वेळा तीच क्रिया करायला लावायचो, भांडं बिघडायचं. एका रीलला लाखभर लोकांनी पाहिलं आणि त्यातून सात माठ गेले, त्यातले दोन वाटेत फुटले. आता महिन्यातून एक दिवस शूट करतो, त्याचे तुकडे महिनाभर पुरवतो. विक्री तेवढीच आहे, मामा खूश आहे.

---

धावदोरा, अंबाजोगाई | २० जून, रात्री १२:०५

किनवटच्या ताई, रागावले नाही. दोन दिवस काय लिहावं कळत नव्हतं. मी तो भागाकार केला नव्हता हे खरं आहे. "घरबसल्या काम देते" असं मी मोठ्या अभिमानानं सांगायचे.

काल पाचही जणींना बसवून वही दाखवली. सगळ्यात वयानं मोठ्या आहेत त्या म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं बाई, पण तू पण कुठं कमवायलीस?" मला रडूच आलं.

शिवणावळ तासाला ४० धरली तर पासष्ट तासांचे २,६००. सामान ३५०, माझे ९००. झाले ३,८५०. दादांच्या पद्धतीनं किंमत ५,५०० निघते. २,८०० वरून एकदम ५,५००. हात थरथरतोय. जालन्याचे काका, गिऱ्हाईक राहील का?

---

जालना कापडबाजार | २० जून, सकाळी ११:३०

निम्मं जाईल. राहील ते तुमचं. पण एकदम दुपटीवर जाताना जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवा, आधी घेतलेल्या ऑर्डरी जुन्याच भावानं पुऱ्या करा आणि भाव का वाढला ते एका ओळीत लिहा. गिऱ्हाइकापुढं काकुळतीला येऊ नका. आणि स्वस्तात हवी असणाऱ्याला परत पाठवू नका, त्याला दाखवायला बाळाची गोधडी असू द्या. माणूस दुकानातून रिकाम्या हातानं उतरू नये.

---

तेरणाकाठ | २१ जून, सायंकाळी ६:४५

धागा वाचतोय, थोडं वेगळं लिहितो. बनवणं पवित्र आणि विकणं त्याहून हलकं, असा एक सूर आपल्या बोलण्यात नेहमी असतो. मी तेरचा. इथं गोरोबाकाकांचं मंदिर आहे, कुंभारकाम करता करता नाम घेणारा संत. पण त्यांची मडकी कुणीतरी विकत घेतच असणार, नाहीतर चाक फिरलं नसतं. त्याच्याही हजार-बाराशे वर्षं आधी आमचं गाव तगर म्हणून ओळखलं जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात लिहिलंय की पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचा, आणि तगरच्या मालात कापड होतं. तेव्हाही कुणीतरी विणत होतं आणि कुणीतरी महिनाभर गाडी हाकत होतं. एकाच माणसानं दोन्ही केलं नसावं. ताई, तुम्ही विणकरही आहात आणि गाडीवानही. दमणारच.

---

पैठणचा माग | २१ जून, रात्री ९:१५

तेरणाकाठ, हे आमच्या पोरांना वाचून दाखवलं.

---

धावदोरा, अंबाजोगाई | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पाच महिन्यांनी परत आले. काय झालं ते सांगितल्याशिवाय बरं वाटेना.

जुलैत भाव ५,५०० केला. जुलै आणि ऑगस्ट मिळून तीन गोधड्या गेल्या. एक जुनं गिऱ्हाईक, ज्यांनी माझ्याकडून पाच घेतल्या होत्या, त्यांनी नंबरच ब्लॉक केला. ते मनाला लागलं. आम्ही शिवत राहिलो, पण बायकांचे पैसे द्यायला मला अंगावरची एक वस्तू गहाण ठेवावी लागली. त्या दोन महिन्यांत बाळंतविड्यानं तारलं. पंधरा सेट गेले, त्यातले नऊ अंबाजोगाईत आणि परळीत, म्हणजे टपालाची भानगडच नाही. आणि बाळाच्या गोधडीवर मी नव्या मांडण्या करून बघायला लागले, पैठणच्या दादांच्या उरलेल्या ताण्यासारख्या. सगळं मिळून दहा तासांचं काम, चुकलं तर मोठं नुकसान नाही. हिरवा खण आधी तिथंच बसला. मग त्याचीच मोठी केली.

बारावी झालेली एक मुलगी दुपारी तीन तास येते. नंबर, चार फोटो, एक भाव, निम्मा विसार. सुरुवातीला लोक म्हणायचे, "ताईंनाच बोलायचंय." अजूनही म्हणतात. काही वेळा मीच बोलते, विशेषतः कुणी आईची, सासूची लुगडी पाठवणार असेल तर. ते बोलणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही. गेल्या महिन्यात परभणीच्या एका बाईंनी आईच्या साड्या आणल्या. एकेक साडी उलगडून ती कधी नेसली होती ते सांगत दोन तास बसल्या. मांडणी मला त्या बोलण्यातूनच सुचली, लग्नातली साडी मधे आणि भोवती रोजच्या वापरातल्या. ते दोन तास मी विक्रीत धरू की मांडणीत, हे हिशेबनीस दादांनी सांगावं.

सकाळी सहा ते नऊ फोन कपाटात. पूर्ण जमत नाही, आठवड्यातून चार दिवस जमतं.

जांगडचा माल परत मागवला. पाच गोधड्या आल्या, दोन उन्हात टांगून विटल्यात. एकीचे पैसे आले, एकीचे अजून यायचेत. आता चिठ्ठीशिवाय माल जात नाही.

सप्टेंबरनंतर मागणी वाढली. दिवाळीपर्यंत अकरा गेल्या. गेल्या साली याच काळात एकोणीस गेल्या होत्या, पण पैसे यंदा जास्त हातात आले. दसऱ्यानंतर तिघींपैकी एक कोयत्यावर गेलीच. तिच्या नवऱ्यानं उन्हाळ्यातच उचल घेतली होती, माझ्या हातात काही नव्हतं. दोघी इथं आहेत.

आणि निळी-लाल अजून करते. परवा एकतिसावी झाली.

---

हिशेबनीस, लातूर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

ते दोन तास मांडणीत धरा. त्याशिवाय मांडणी झाली नसती. आणि लुगड्यांच्या गोधडीचा भाव वेगळा ठेवा, तो निळ्या-लालएवढा नको.

गहाणाचं वाचून वाईट वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात माल साठवायला भांडवल लागेल तेव्हा आधी सांगा, गटामार्फत बँकेचं कर्ज बघू.

---

किनवटची कांचळी | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

ताई, गेली तिच्यासाठी पाडव्यानंतरचं काम राखून ठेवा, आणि तिला आत्ताच फोन करून सांगा. पुढची उचल ठरायच्या आत.

---

धावदोरा, अंबाजोगाई | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

दुपारी फोन केला. फडात होती, आवाज नीट येत नव्हता. काम ठेवलंय एवढं सांगितलं, "बरं" म्हणाली.

अजून एक विचारायचं होतं. इथं राहिलेल्या दोघींपैकी एकीनं मागच्या आठवड्यात मला न सांगता बाळाच्या गोधडीची मांडणी केली. पिवळ्या धडप्यावर जांभळ्या काठाच्या पट्ट्या, तिरक्या. मला हे कधीच सुचलं नसतं, मी काठ सरळच लावते. फोटो टाकला तर अर्ध्या तासात गेली, आणि तशाच अजून दोन मागितल्यात. तिला मांडणीचे पैसे कसे लावू?

---

हिशेबनीस, लातूर | १९ नोव्हेंबर, रात्री ८:०५

तुम्ही स्वतःला लावता त्याच दरानं. आणि पुढच्या दोन्हीच्या मांडणीचेही तिलाच.

---

धावदोरा, अंबाजोगाई | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

विचारलं तिला. साडेपाच तास लागले म्हणाली, म्हणजे ८२५. आत्ताच देऊन आले. पुढच्या दोन तशाच करणार नाही म्हणतेय, पट्ट्यांचा रंग बदलायचाय. मी गिऱ्हाइकाला तसं कळवलंय.